व्हिडिओ गेममधले देऊळ आणि आपला कलादिग्दर्शक

व्हिडिओ गेमचे परीक्षण या पानांवर यावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. कविता, आत्मकथन, नाटक, जलसा यांच्या पंगतीला हा पोरखेळ कशाला बसवता, असे विचारणारे कार्यकर्ते मित्र मला अकोल्यात भेटले आणि अमरावतीतही भेटले. त्यांच्या प्रश्नातली कळकळ मला समजते. शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, पदभरती रखडते, आणि हा मास्तर पोरांच्या खेळावर लेख लिहीत बसतो! पण आमच्या वस्तीतली मुले देव कसा दिसतो, दानव कसा दिसतो, सुंदर कशाला म्हणायचे आणि ओंगळ कशाला, हे आज पोथीतून शिकत नाहीत. ती हे पडद्यावर शिकतात, आणि नुसती पाहून शिकत नाहीत. स्वतःच्या अंगठ्याने दानव मारून शिकतात. ज्या समीक्षेने पुराणांची आणि पाठ्यपुस्तकांची झाडाझडती घेतली, तिने या जागेकडे पाठ फिरवावी हे मला मान्य नाही.

चित्रपट आणि व्हिडिओ गेम यांत एक मूलभूत फरक आहे. माझे सारे म्हणणे त्या फरकावर उभे आहे. चित्रपटाचा कॅमेरा रस्त्यावर उभा राहिला की दिग्दर्शकाच्या मनात नसलेलेही चौकटीत शिरते. नायकाच्या मोटारीमागे एखादी झोपडी दिसून जाते, नालीच्या काठावर भांडी घासणारी बाई दिसते, दूरच्या छपरावर निळा झेंडा फडकतो. वास्तव तिथे घुसखोरी करते. गेममध्ये अशी घुसखोरी होऊच शकत नाही, कारण तिथे मुळात जमीनच नसते. ती कुणीतरी करावी लागते. एक मडके दिसले, तर ते कुणीतरी घडवले, रंगवले, कोणत्या कोपऱ्यात ठेवायचे ते ठरवले आणि वरच्या माणसाने मान हलवली, म्हणून ते दिसले. हा वरचा माणूस म्हणजे कलादिग्दर्शक. प्रकाश कुठून यावा, भिंतीचा रंग कोणता, माणसाच्या अंगावर काय असावे, राक्षसाची आकृती दुरून कशी ओळखू यावी, हे तो ठरवतो आणि त्याच्या हाताखालचे पाच-पन्नास चित्रकार ते करतात. म्हणून गेममधल्या गावाला महारवाडा नसेल, तर तो ‘राहून गेला’ असे म्हणण्याची सोय नाही. तो केला गेला नाही, एवढेच म्हणता येते. आणि तो करायचा नाही असे कुणी ठरवलेलेही नसते. त्या खोलीत बसलेल्या कुणाला तो आठवलेलाच नसतो.

आता उदाहरण घेऊ, आणि ते मराठी मुलुखातलेच घेऊ. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेने केलेला ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ हा गेम 2020 साली जगभर प्रसिद्ध झाला. 2017 साली लोकांकडून वर्गणी गोळा करून तो उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी त्यांनी काम सोडले नाही. ‘द गेम ॲवॉर्ड्स’ या आंतरराष्ट्रीय पारितोषिकांत त्याच वर्षी पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. कलादिग्दर्शन श्रुती घोष यांचे आहे आणि संस्थेच्या संस्थापकांतही त्या आहेत. या धंद्यात बाई प्रमुखपदी असणे अजून विरळा आहे, हे नोंदवून पुढे जातो.

मी हा गेम दोनदा खेळलो. पहिल्यांदा मी चित्रकलेचा मास्तर म्हणून खेळलो आणि मला तो फार आवडला. राजस्थानी गढ्यांची दगडी नक्षी आणि बाली बेटावरच्या देवळांची ठेवण यांचा त्यात मेळ घातला आहे. पृष्ठभाग हाताने रंगवल्यासारखे आहेत. पहाडी चित्रशैलीचा अभ्यास त्यामागे दिसतो. संध्याकाळचा उजेड खांबांमधून जमिनीवर कसा उतरतो ते पाहत मी पुढे जायचे विसरलो. परदेशी गेमांमधली भारताची चित्रे म्हणजे साप, साधू आणि धूर. त्यांच्या तुलनेत हे काम शंभर पटींनी प्रामाणिक आहे. ज्यांनी हे केले त्यांच्या हाताला मी नमस्कारच करीन. पुढचे सारे म्हणणे या कौतुकासकट वाचावे.

दुसऱ्यांदा मी तो या त्रैमासिकाचा वाचक म्हणून खेळलो. तेव्हा इतर गोष्टी दिसू लागल्या.

राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी आहे. ती खांबावर चढते, भिंतीवरून धावते, कोलांटी मारून शत्रूच्या मागे उतरते. खेळणाऱ्याच्या हाताला जी मजा मिळते ती या मुलीच्या लवचिक अंगातून मिळते. हे अंग कुणाचे आहे? आमच्या गावच्या बाजारात ढोलकीच्या तालावर दोरावर चालणारी, बांबूवर पोट टेकून फिरणारी पोर कोणत्या जमातीची असते, हे वऱ्हाडात कुणाला सांगावे लागत नाही. गावाबाहेर पाल टाकणारी, पोलीस पाटलाकडे नोंद करून मगच खेळ मांडणारी ती माणसे. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ 1994 साली आले तेव्हा या कसरतीमागची किंमत मराठी वाचकाला कळली. गेमने भटक्या जमातीची कसरत घेतली आणि तिचे पाल गेमबाहेर ठेवले. राजीला जात नाही, जमात नाही, मुक्कामाला हाकलून देणारे गाव नाही. तिचे शत्रू फक्त असुर.

गेममधले कथाभाग छायाबाहुल्यांच्या धाटणीत सांगितले आहेत आणि ते भाग मला सर्वांत सुंदर वाटले. पण छायाबाहुली कशाची असते? कातड्याची. आंध्रातल्या ‘तोलु बोम्मलाटा’ या नावात ‘तोलु’ म्हणजे कातडेच आहे. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर आदिवासींनी चित्रकथीबरोबर ही कला जपली. कातडे कमवावे लागते, तासून पारदर्शक करावे लागते, त्याला भोके पाडावी लागतात. तेव्हा दिव्यासमोर धरले की त्यातून देव दिसतो. कातड्याला हात लावला म्हणून ज्यांना देवापासून दूर ठेवले, त्यांच्याच जातभाईंनी कमावलेल्या कातड्यावर देवांच्या कथा नाचल्या! या विसंगतीत एक अख्खे महाकाव्य दडले आहे. आमच्या कलादिग्दर्शकाने ते हातात घेऊन खाली ठेवले. शैली उचलली, हात उचलले नाहीत.

आणि आता देऊळ. गेममध्ये देवीचे स्थान लागते. राजी दारातून आत जाते, तिला कुणी अडवत नाही, दुर्गेचा त्रिशूळ तिच्या हाती येतो आणि खेळ खऱ्या अर्थाने सुरू होतो. डोंबाऱ्याच्या पोरीला देवी आपले शस्त्र देते, यात पुरोगामी आशय आहे असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. मी अमरावती जिल्ह्यात वाढलो. माझ्या डोळ्यांपुढे या दृश्याच्या वेळी दुसरे देऊळ येते. 1927 च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमरावतीस बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. तिच्यापुढचा प्रश्न अंबादेवीच्या देवळात प्रवेश मिळण्याचा होता. पंजाबराव देशमुखांसारखे सवर्ण पुढारी या मागणीच्या बाजूने उभे राहिले. अंबा काय, दुर्गा काय, नाव दोन आणि देवी एक. पुण्याच्या गेममध्ये जी पायरी राजी अर्ध्या सेकंदात ओलांडते, त्या पायरीसाठी अमरावतीत परिषद भरवावी लागली.

पायरी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. परंपरा ज्यांचे जन्मगाव बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणाराजा मानते, त्या चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारापाशी, देवळाबाहेर आहे. वऱ्हाडचा माणूस देऊळ आठवतो तेव्हा त्याला गाभाऱ्याआधी पायरी आठवते. गेममधल्या देवळाला पायऱ्या आहेत, शेकडो आहेत, त्यांच्यावर सुरेख शेवाळ आहे. फक्त पायरीवर कुणी उभे नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो आपल्याच बाजूने येईल. आम्ही तो देव सोडला. 1935 साली येवल्याला घोषणा झाली, 1956 साली नागपुरात दीक्षा झाली. मग देवळात कोण जातो याची आम्हाला काय चिंता? चिंता देवाची नाहीच. चिंता इतिहासाची आहे. दार सताड उघडे दाखवले की ते कधी बंद होते ही आठवणच मिटते. दहा वर्षांचे पोर तो गेम खेळून उठते तेव्हा त्याच्या मनात प्राचीन भारताचे एक चित्र ठसलेले असते. त्या चित्रात सर्व दारे उघडी आहेत, सर्व भिंती सुंदर आहेत आणि पाप तेवढे बाहेरून, असुरांच्या रूपाने आले आहे. पाठ्यपुस्तकातल्या शंभर ओळींना हे चित्र भारी पडते.

असुरांचे काय करायचे, हा प्रश्न तर आपल्या घरातलाच आहे. ‘राजी’मधल्या मुख्य असुराचे नाव महाबलासुर आहे. नावात बळी ऐकू येताच महात्मा फुल्यांच्या वाचकाचे कान टवकारतील. 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहून जोतीरावांनी बळीला न्यायी राजा ठरवले, खंडोबा आणि म्हसोबा यांना त्याच्या राज्यातले अधिकारी म्हणून उभे केले. ती व्युत्पत्ती भाषाशास्त्राला पटो न पटो. तिने बघण्याची दिशा उलटी फिरवली. आपल्या वऱ्हाडात तर ही उलटी दिशा ग्रंथाशिवायही जिवंत आहे. अकोला जिल्ह्यातल्या सांगोळा या गावी दहा तोंडांच्या रावणाची काळ्या पाषाणाची मूर्ती आहे. सारा देश दसऱ्याला रावण जाळतो तेव्हा तिथले लोक त्याची पूजा करतात. वर मेळघाटात कोरकू होळीच्या दिवसांत मेघनाथाला मानतात. तिकडे झारखंडात असुर हे नाव लावणारी, परंपरेने लोखंड गाळणारी आदिवासी जमातच आहे. हे सारे लोक ‘राजी’ खेळायला बसले तर त्यांनी अंगठा कुणाच्या बाजूने दाबायचा?

गेमच्या चित्रभाषेत एक जुना नियम आहे. शत्रू पाहताक्षणी मारण्याजोगा वाटला पाहिजे, विचार करायला वेळ मिळता कामा नये. म्हणून त्याला शिंगे, सुळे, अवाढव्य खांदे आणि अंधाराचा रंग द्यायचा. हा नियम पुण्याने केलेला नाही, जगभरचा आहे. पण जगात तो निव्वळ नियम असेल. आपल्या देशात काळे अंग आणि मारण्याजोगा माणूस यांची सांगड फार जुनी आहे. या भूमीवर काम करणाऱ्या कलादिग्दर्शकाला हे माहीत असायला हवे. शिंग काढताना त्याच्या हाताने क्षणभर तरी थबकायला हवे. बांधावरचा शेंदूर लावलेला म्हसोबा आणि रेड्याची शिंगे यांच्यात वाढलेला चित्रकार थबकला असता, असे मला वाटते.

तसा चित्रकार त्या खोलीत का नाही? आता करियरचा प्रश्न येतो. करियर या शब्दाने नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला तो शब्द अवघड वाटत नाही. आपल्या बापांच्या वाट्याला काम आले, करियर आले नाही.

महाराष्ट्रात चित्रकलेची एक जाळी खेड्यापर्यंत पोचलेली आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांना अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूरची मुले बसतात आणि ए ग्रेड काढतात. तिथून पुढे जाळी विरळ होते. 1857 चे जे. जे. मुंबईला, विदर्भाचे शासकीय चित्रकला महाविद्यालय नागपूरला, प्रवेशाला सीईटी. गेमच्या रचनेचे स्वतंत्र पदव्युत्तर शिक्षण देणारी राष्ट्रीय डिझाइन संस्था बंगळुरूला. तिथे राखीव जागा आहेत, पण फी लाखांच्या घरात आहे आणि प्रवेशाची भाषा ‘पोर्टफोलिओ’ची आहे. पोर्टफोलिओ म्हणजे आपल्या कामाची निवडक मांडणी. ती करायला काम लागते, कामाला चांगले ग्राफिक कार्ड असलेला संगणक लागतो, आणि संगणकाला सोयाबीनचा एक अख्खा हंगाम लागतो. ब्लेंडर आणि क्रिता ही साधने फुकट मिळतात ही या काळाची मोठी देणगी आहे. वीज आणि यंत्र मात्र फुकट मिळत नाही.

समजा, इतके सारे पार करून मुलगा नोकरीला लागला. तो कलादिग्दर्शक होतो का? नाही. भारतातल्या या धंद्याचा मोठा भाग परदेशी गेमांसाठी सुटे भाग करून देण्याचा आहे. बंगळुरूची ध्रुव इंटरॲक्टिव्ह ही या क्षेत्रातली अगदी सुरुवातीची संस्था, 1997 सालची. 2019 मध्ये रॉकस्टार या बड्या परदेशी कंपनीने ती विकत घेतली. अशा ठिकाणी आमचा मुलगा पिंपे करतो, मोटारी करतो, बंदुका करतो, परदेशातल्या झाडांची पाने करतो. शैलीची लेखी नियमावली समुद्रापलीकडून येते. तिच्यात एका पानाचा हिरवा किती असावा तेही लिहिलेले असते. ही नवी बलुतेदारी आहे, अशी घोषणा करण्याचा मोह मला होतो. करत नाही, कारण इथे महिन्याला पगार मिळतो आणि गाव सोडता येते. बलुत्यात या दोन्ही गोष्टी नव्हत्या. तरी एवढे खरे की पान करणारा वेगळा आणि झाड कुठे लावायचे ते ठरवणारा वेगळा. कनिष्ठ, वरिष्ठ, गटप्रमुख अशा पायऱ्या चढत कलादिग्दर्शक व्हायला दहा-बारा वर्षे सहज जातात. त्या काळात विनामोबदला ‘आर्ट टेस्ट’ द्याव्या लागतात, इंग्रजीत आपल्या चित्राचे समर्थन करावे लागते, घरी पैसे पाठवावे लागतात. खासगी संस्थांत आरक्षण नाही. ज्याचा काका या धंद्यात आहे तो टिकतो. ज्याच्या घरात हा धंदा कुणी ऐकलेला नाही तो तिसऱ्या वर्षी बी.एड.चा अर्ज भरतो. असे दोन अर्ज मी स्वतः साक्षांकित केले आहेत.

2025 साली महाराष्ट्र शासनाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. त्याच वर्षी केंद्राने मुंबईत या विषयाची राष्ट्रीय संस्था सुरू केली. चांगले झाले. आमच्या विद्यार्थी संघटनांनी त्या संस्थेच्या शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा आणि नागपूर-अमरावतीत शाखा काढण्याचा प्रश्न आत्ताच हाती घ्यावा. इमारतीला रंग दिल्यावर नको.

पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. कलादिग्दर्शनाची आमची स्वतःची एक शाळा आहे आणि तिला आम्ही शाळा म्हणत नाही. चौदा एप्रिलच्या आदल्या आठवड्यात अकोल्याच्या कोणत्याही बौद्ध वस्तीत रात्री अकरानंतर जाऊन पाहावे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बांबूचा सांगाडा चढलेला असतो. कुणी दीक्षाभूमीचा स्तूप करतो, कुणी चवदार तळे, कुणी संसदेची इमारत. सांगाड्यावर पोते, पोत्यावर प्लास्टर, त्यावर रंग. घुमटाची गोलाई रस्त्यावरून, म्हणजे खालून, नीट दिसली पाहिजे. म्हणून तो मुद्दाम किंचित लांबट करतात. मिरवणूक रात्रीची, तेव्हा उजेड आतून द्यायचा की बाहेरून यावर दोन तास भांडण होते. तळ्याचे पाणी पारदर्शक कागदाचे करायचे की खरे भरायचे? खरे भरले तर ट्रॉली वळणावर कलंडते. वर्गणी सतरा हजार, वेळ सहा रात्री, हाताखाली बारा पोरे आणि त्यांतली चार झोपलेली. मर्यादेत जग उभे करणे, बघणाऱ्याची नजर कुठून येणार हे आधी जाणणे, दहा हातांकडून एका मनासारखे काम करून घेणे: कलादिग्दर्शक याहून निराळे काय करतो? फरक इतकाच की हे काम पंधरा एप्रिलला मोडून टाकतात आणि त्याचे छायाचित्रही कुणी नीट काढून ठेवत नाही. ते काढून ठेवा. सांगाड्याचे काढा, अर्धवट रंगवलेल्याचे काढा. तो पोर्टफोलिओ आहे.

अशाच देखाव्यांत हात बसलेला माझा एक माजी विद्यार्थी आहे. त्याला मी ‘राजी’ दाखवला. तो तासभर काही बोलला नाही. उजेड पाहत होता, मीही पहिल्यांदा तेच केले होते. मग म्हणाला, “सर, लय भारी बनवलं. पण याच्यात लोकं कुठी रायतात?” मी पुन्हा पाहिले. महाल होते, देवळे होती, गढ्या होत्या. दगड वाहणाऱ्यांची, दिवे घासणाऱ्यांची, त्या अंगणात झाडू मारणाऱ्यांची घरे कुठेच नव्हती. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला झाडू दिसला नाही की चुकल्यासारखे होते. अंगण स्वच्छ होते आणि झाडणारा नव्हता. या पोराच्या एका वाक्यात जी समीक्षा आहे ती मी कोणत्याही नियतकालिकातल्या परीक्षणात वाचलेली नाही.

बाहेरच्यांनी जात मांडली तर काय होते, तेही पाहण्याजोगे आहे. स्वीडनच्या पॅराडॉक्स या कंपनीने ‘क्रुसेडर किंग्ज 2’ या गेमला 2014 साली ‘राजाज ऑफ इंडिया’ असा जोडभाग काढला. त्यात हिंदू पात्रांना जात आहे. किती जाती? तीन: ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य. शूद्र नाही, अतिशूद्र तर दूरच. जातीचा खेळ मांडला आणि ज्यांच्या पाठीवर तो उभा आहे त्यांनाच वगळले. पुण्याने जात काढून टाकली, स्टॉकहोमने तीन पंचमांश ठेवली; आमच्या वाट्याला दोन्हीकडे रिकामी जागा.

याउलट त्याच 2014 सालचा ‘नेव्हर अलोन’ हा गेम घ्यावा. अलास्कातल्या इन्युपियाक लोकांच्या कथेवर तो उभा आहे. तिथल्या आदिवासी संस्थेने स्वतः पुढाकार घेऊन, गेम बनवणाऱ्या मंडळींबरोबर बसून तो करवून घेतला. निवेदन त्यांच्याच भाषेत आहे. कथाभागांची चित्रे हाडावर कोरीव काम करण्याच्या त्यांच्या कलेवरून घेतली आहेत आणि खेळता खेळता वृद्ध माणसांच्या तोंडून त्या जगण्याची माहिती देणारे लघुपट उघडतात. कला उचलली तशी माणसेही उचलली. ‘राजी’च्या छायाबाहुल्यांशी याची तुलना विद्यार्थ्यांनी जरूर करावी. तिथे वडीलधाऱ्यांना स्टुडिओत खुर्ची मिळाली होती. आपल्याकडे पिंगुळीच्या ठाकरांना, सांगोळ्याच्या गावकऱ्यांना, मेळघाटच्या कोरकूंना अशी खुर्ची कोण देणार?

आपल्या लोकांनाही एक गोष्ट सांगायला हवी. गेम आपल्या हाती आला की आपण काय करू, याची मला थोडी भीती वाटते. त्रिशुळाच्या जागी निळा झेंडा, दुर्गेच्या जागी आपला महापुरुष, असुरांच्या जागी पेशवे, आणि अंगठा तोच. चित्रभाषा जशीच्या तशी ठेवून पात्रांची अदलाबदल केली तर तो विद्रोह होत नाही. मूर्ती बदलते, गाभारा तोच राहतो. नागपूरच्या सवी सावरकरांची चित्रे आमच्या तरुणांनी पाहावीत. गळ्यात मडके आणि पाठीला झाडू बांधलेला अस्पृश्य त्यांनी रंगवला. पण तो केविलवाणा नाही, देखणाही नाही. त्याच्या रेषा खरबरीत आहेत, रंग अंगावर येतात आणि त्याच्याकडे पाहणारा सुखाने उभा राहू शकत नाही. सुंदरतेची व्याख्या न बदलता विषय बदलण्याची सोय तिथे नाही.

मग गेममध्ये अस्पृश्यता दाखवायची कशी? हा प्रश्न अवघड आहे. गेमचा पायाच असा की समोर दिसते तिथे जाता येते, दिसते ते उचलता येते. बंदी हा त्याचा स्वभाव नाही. विहीर दिसली की तिच्यावर चिन्ह चमकते, बटण दाबा आणि पाणी प्या. आता ते चिन्ह तुमच्या पात्रासाठी चमकलेच नाही तर? बाकीच्यांसाठी चमकते आहे, तुम्ही काठापासून दहा पावलांवर उभे आहात, कुणी येऊन वरून ओतेल तोपर्यंत काहीही करता येत नाही, घड्याळ मात्र चालू आहे. खेळणाऱ्याला आधी वाटेल, गेम बिघडला. इथपर्यंत मला कल्पना पटते. पुढे अडते. आमच्या आजीची तहान कुणाच्या तरी करमणुकीचा भाग व्हावी का? कोथरूडच्या फ्लॅटमधला मुलगा दहा मिनिटे तहानलेला राहील, ‘काय जबरदस्त अनुभव’ म्हणेल आणि फ्रीज उघडेल. आत्मकथनांच्या बाबतीतही हा प्रश्न विचारला गेला होता. तिथे वाचक निदान साक्षीदार होता, इथे तो काही वेळ आम्हीच होतो. हे चांगले की वाईट, यावर चर्चासत्र घ्यावे इतका तो मोठा आहे, आणि ते अमरावती विद्यापीठात घ्यावे असे मी सुचवतो.

चर्चासत्र होईल तेव्हा होईल. तो मुलगा मात्र थांबलेला नाही. जुन्या संगणकावर त्याने ब्लेंडरमध्ये एक विहीर केली आहे. पाथर्डी दगडाचे चिरे नाहीत तिला. वऱ्हाडातल्या काळ्या मातीची, चुन्याने सांधलेल्या विटांची, एका बाजूने ढासळलेली विहीर आहे. रहाट त्याने आजोबांना विचारून केला. ओंजळ किती खाली धरलेली असावी आणि पाणी किती उंचीवरून पडावे, हे त्याने तीनदा बदलले. पहिल्यांदा फारच उंच झाले होते, नाटकी दिसत होते. आता ते हातभर अंतरावर आले आहे. आजोबा म्हणाले, एवढंच असे. पाणी ओतणाऱ्या बाईचा चेहरा अजून केलेला नाही.